एक फोन, बावन्न विद्यार्थी : वर्गात खरोखर चालणारी मोफत डिजिटल साधने

उजळणी

नमस्कार. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. नववीच्या माझ्या तुकडीत ५२ विद्यार्थी आहेत. वर्गात लोकवर्गणीतून आलेला एक प्रोजेक्टर आहे आणि वीज असली की तो चालतो. इंटरनेट म्हणजे माझ्याच फोनचा हॉटस्पॉट, आणि आभाळ भरून आले की तो फोनही खिडकीच्या गजाशी नेऊन ठेवावा लागतो.

प्रशिक्षणांतून आम्हाला डिजिटल साधनांच्या लांबलचक याद्या मिळतात. त्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रत्येक मुलाच्या हाती टॅब असलेला वर्ग असावा, असे त्या वाचताना वाटते. म्हणून साधन निवडण्याआधी मी स्वतःला दोन प्रश्न विचारू लागले आहे. यासाठी वर्गात किती फोन लागतील, आणि ऐन तासात नेट गेले तर पाठ बुडेल की तरेल? या दोन चाळण्यांतच बरीचशी साधने गळून पडतात. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या फोनवर दुवा उघडावा’ असे ज्याच्या सूचनांचे पहिलेच वाक्य असते ते साधन कितीही देखणे असले तरी माझ्या वर्गाचे नाही, कारण घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर रानात नाहीतर ऊसतोडीला गेलेला असतो.

माझ्या चाळणीतून उरलेले पहिले साधन प्लिकर्स. यात मुलांच्या हाती फोन नसून कागदाचे कार्ड असते. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची वेगळी आकृती छापलेली असते आणि तिच्या चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे असतात. आपल्याला योग्य वाटणारे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड फिरवून मुलांनी ते छातीशी धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या क्रमांकाने कोणता पर्याय निवडला हे फोनवर उमटते. अक्षरे मुद्दाम बारीक छापलेली असतात आणि प्रत्येक आकृती निराळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून आपले कार्ड फिरवणे साधत नाही. मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात, पण पस्तीस मिनिटांच्या तासाला तेवढे पुरे होतात. कार्डे साध्या कागदावर छापून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवावीत. चकचकीत लॅमिनेशन करू नये, कारण खिडकीतला उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. आकृतीवर बोट आले तरी तेच होते, हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे.

गेल्या महिन्यात दशांश अपूर्णांकांची उजळणी घेताना मी विचारले, ‘०.६५, ०.७ आणि ०.२०९ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ तोंडी विचारले असते तर पहिल्या बाकावरच्या दोघांनी बरोबर उत्तर दिले असते आणि मी पुढे गेले असते. कार्डांनी दाखवले की नववीतही बरीच मुले ०.२०९ ला मोठी समजतात, कारण दोनशे नऊ ही संख्या पासष्टापेक्षा आणि सातापेक्षा मोठी आहे. हे मला आठ वर्षांच्या नोकरीत इतक्या स्पष्टपणे दिसले नव्हते.

दुसरे साधन जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी ते २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केले. भूमिती आणि बीजगणित या दोन शब्दांच्या जोडणीतून त्याचे नाव झाले आहे. संगणकावर एकदा उतरवून घेतले की त्याला नेटची गरज उरत नाही. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून ओढत नेला तर तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज १८० अंशच राहते, हे फळ्यावर दाखवणे केवळ अशक्य आहे. एकदा पडद्यावर ६१.३३, ७०.३३ आणि ४८.३३ असे तीन कोन आले. एका मुलीने ते वहीत मांडले, बेरीज १७९.९९ आली, आणि ‘बाई, एक शतांश अंश कुठे गेला?’ असे तिने विचारले. त्यानंतरचा अर्धा तास आसन्न मूल्यांवर गेला. तो पाठ माझ्या नियोजनात नव्हता, पण त्या दिवशीचा सर्वांत चांगला पाठ तोच होता.

इथल्या शिक्षकांनी आपापल्या वर्गात प्रत्यक्ष वापरलेली साधने लिहावीत, ही विनंती. नुसती नावे नकोत. कोणत्या घटकाला वापरले आणि काय घडले, तेही लिहावे.

काळी_पाटी

उजळणीताई, धागा वाचून आनंद झाला. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्याला आता बरीच वर्षे झाली. तुमच्या कार्डांचे वर्णन वाचताना मला आमच्या वेळची ‘पाट्या वर करा’ ही आज्ञा आठवली. प्रश्न विचारायचा, मुलांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी पालथी ठेवायची आणि खूण होताच सगळ्यांनी एकदम वर धरायची. साठ पाट्यांवरून नजर फिरवायला मला मिनिट पुरत असे. त्याला वीज लागत नव्हती आणि पाच प्रश्नांची मर्यादाही नव्हती.

परंतु हे मी चेष्टेने लिहीत नाही. माझी हरकत तुमच्या साधनाला नसून तुमच्या प्रश्नाला आहे. ०.६५, ०.७ आणि ०.२०९ या तिघांत ०.७ हे उत्तर बरोबर आहे; पण दशांश चिन्हानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असा चुकीचा समज असलेला मुलगाही ०.७ हेच उत्तर देईल. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत. दशांशापेक्षा शतांश लहान आणि शतांशापेक्षा सहस्रांश लहान, एवढेच त्यांनी धरून ठेवलेले असते. तुमच्या कॅमेऱ्याने त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली असेल आणि तुम्ही निश्चिंत झाला असाल. पाटीवर उत्तराखाली कारण लिहायला सांगता येते. कार्डावर ती सोय नाही.

उजळणी

सर, आपला मुद्दा वाचून मी त्या दिवसाचा निकाल पुन्हा उघडून पाहिला आणि आपले म्हणणे खरे असणार, असे वाटू लागले आहे. पुढच्या आठवड्यात प्रश्न बदलून पाहते आणि इथे लिहिते.

पाटीच्या बाबतीत माझी अडचण एवढीच आहे की, वर धरलेल्या पाट्या खाली गेल्या की निकालही जातो. तीन आठवड्यांनी त्याच घटकाकडे परत येताना कोणाचे काय चुकले होते हे मला आठवत नाही. फोनमध्ये ते क्रमांकानुसार राहते. अर्थात, कारण लिहून घेण्याची आपली सूचना मी घेते आहे. कार्ड आणि पाटी एकाच तासाला वापरण्यास काहीच आडकाठी नाही.

ध्वनिलहर

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या दृष्टीने दोन साधनांना तोड नाही.

पहिले फेट. नोबेल पारितोषिक मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील आवारात हा प्रकल्प सुरू केला. त्यातील आभासी प्रयोग मोफत आहेत, पुष्कळ प्रयोगांची मराठी रूपेही आहेत, आणि एकेक प्रयोग उतरवून घेऊन नेटशिवाय चालवता येतो. विद्युत मंडलाचा प्रयोग मी दरवर्षी वापरतो, पण तो खरा सेल आणि खरा बल्ब हाताळून झाल्यानंतर. क्रम उलटा केला तर मुलांना तो खेळ वाटतो. बल्बमध्ये विद्युतधारा ‘खर्च’ होते, म्हणून बल्बच्या पलीकडे ती कमी असणार, हा समज फार चिवट आहे. शाळेतील अमीटरचा काटा आधीच डगमगत असतो, त्यामुळे खऱ्या मंडलात दोन्हीकडचे वाचन सारखे आले नाही की मुलांचा समज आणखी पक्का होतो. पडद्यावर ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा बल्ब जोडून बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे अमीटर लावला की दोन्हीकडे ०.९ अँपिअर दिसते, आणि तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन बल्बमधून जेवढे जातात तेवढेच बाहेर येतात. तसाच दुसरा बल्ब एकसरीत जोडण्याआधी मी सर्वांना अंदाज वहीत लिहायला लावतो. अंदाज लिहिल्याशिवाय कळ दाबायची नाही, हा माझ्या वर्गाचा नियम आहे, कारण आधी अंदाज नसेल तर ०.४५ हा आकडा पाहून कोणालाच काही वाटत नाही.

दुसरे साधन फायफॉक्स. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात ते तयार झाले आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. फोनमध्ये आधीच असलेले संवेदक हे ॲप मोजमापाला लावते. यातील ‘ध्वनी घड्याळ’ एका मोठ्या आवाजाला सुरू होते आणि दुसऱ्या आवाजाला थांबते. दोन फोन १५ मीटर अंतरावर ठेवावेत. पहिल्या फोनजवळच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवली की त्याचे घड्याळ लगेच सुरू होते आणि दूरचे घड्याळ आवाज पोहोचल्यावर. मग दुसऱ्या फोनजवळच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवावी. आता दुसरे घड्याळ लगेच थांबते आणि पहिले उशिरा. म्हणजे पहिल्या घड्याळातील काळ ध्वनीच्या एकेरी प्रवासाच्या वेळाने वाढतो, दुसऱ्यातील तेवढाच कमी होतो, आणि दोहोंतील फरक हा ध्वनीला ३० मीटर जायला लागलेला वेळ असतो. आमच्या व्हरांड्यात हा फरक सरासरी ०.०८६ सेकंद आला. म्हणजे वेग सुमारे ३४९ मीटर प्रति सेकंद.

‘सर, पुस्तकात तर ३४३ आहे’, असे लगेच ऐकू आले. पुस्तकातील आकडा २० अंश सेल्सियस तापमानाचा आहे. व्हरांड्यात तापमापी ३० अंशांवर होती. तापमान एक अंशाने वाढले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दहा अंशांचे सहा मीटर मुलांनी स्वतः मिळवले. पुस्तकाशी न जुळलेला आकडा चूक नव्हता, हे त्यांना फार भावले. सूचना एकच : रस्त्याकडेच्या शाळेत हा प्रयोग सकाळी लवकर करावा, नाहीतर मोटारसायकलच्या फटफटीने घड्याळे भलत्याच वेळी सुरू होतात.

नवखी_शिक्षिका

मी यंदाच रुजू झाले आहे. वर आलेल्या साधनांपैकी जिओजेब्रा मला शिकायचे आहे, पण इंग्रजीतील चित्रफिती फार वेगाने पुढे जातात. मराठीतून शिकण्याची काही सोय आहे का? आणि ज्यांच्या शाळेत नेट अजिबात पोहोचत नाही त्यांनी काय करावे?

सातपुडा_पायथा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पाहावा. तिथले धडे साधारण दहा मिनिटांचे असतात, अनेक धड्यांचे मराठी ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि ते थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहण्यासाठीच रचलेले आहेत. जिओजेब्राची मालिका त्यात आहे.

दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. मी धडगाव तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी आम्ही दोघे मिळून सांभाळतो. नेटसाठी डोंगराच्या सोंडेवर चढून जावे लागते. म्हणून मी महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी बसून सारे उतरवून आणतो. किविक्स नावाच्या मोफत प्रणालीत अख्खा मराठी विकिपीडिया एका संचिकेत मिळतो आणि तो नेटशिवाय उघडतो. त्याच प्रणालीत जुन्या लॅपटॉपला स्थानिक सर्व्हर करण्याची सोय आहे; साधा वायफाय राउटर जोडला की वर्गातील टॅबवर ती पाने दिसतात. राउटरला बाहेरचे नेट लागत नाही, हे समजावून सांगायला मला केंद्रातल्या सहकाऱ्यांच्या दोन शिक्षण परिषदा लागल्या. शासनाच्या दीक्षा ॲपमधील पाठही आधी उतरवून ठेवता येतात. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची वाट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून सुरू झाली. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण जाणताच. मात्र आमच्यासारख्या ठिकाणी कोड हा पुस्तकातील चौकोन म्हणूनच राहतो. त्यामागचा पाठ आदल्या महिन्यात उतरवून ठेवला असेल तरच तो वर्गात उघडतो.

परंतु माझ्या शाळेत सर्वांत जास्त चालते ते स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये साक्षरता दिनी, ८ सप्टेंबरला, ते सुरू केले. चित्रकथा वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्यांची पीडीएफ उतरवून छापता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे या कथांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना आहे की लेखक आणि चित्रकारांचे नाव देऊन आपण त्या बदलू शकतो, भाषांतरित करू शकतो. माझी पहिलीतली मुले घरी पावरी बोलतात. त्यांना ‘विहीर’ आणि ‘आंघोळ’ हे शब्द परके असतात, मग त्या शब्दांची अक्षरे जुळवण्यात त्यांना काय गोडी वाटणार? मी एका चित्रकथेतील मराठी वाक्ये पालकांच्या मदतीने पावरीत केली आणि देवनागरीत छापली. एका आजीने माझी दोन वाक्ये खोडून काढली, कारण ‘आमच्यात असं कोणी बोलत नाही’. ती सुधारित प्रत मुलांनी हाताळून इतकी मळवली की मला तीनदा छापावी लागली. आता पानाच्या वर पावरी आणि खाली मराठी, अशी दुसरी आवृत्ती सुरू आहे.

मुलांचे वाचन ऐकून चुका दाखवणारे एक ॲपही मी वापरून पाहिले होते. आमच्या मुलांचे हेल त्याला उमजत नव्हते आणि बरोबर वाचलेला शब्दही ते चुकीचा ठरवू लागले. दोन दिवसांत मुले त्याच्यासमोर कुजबुजू लागली, म्हणून मी ते बंद केले.

अक्षरवेल

इथे एक मूलभूत अडचण अजून कोणी मांडलेली नाही, आणि ती आपल्या मराठी शाळांची खास अडचण आहे. शिक्षकांकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका साठवलेल्या असतात, पण त्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टंकलेल्या असतात. त्या फाँटांत ‘क’ हे अक्षर संगणकाच्या दृष्टीने ‘क’ नसतेच. एखाद्या रोमन अक्षराला किंवा चिन्हाला ‘क’चे चित्र चढवलेले असते. त्यामुळे तो प्रश्न गूगल फॉर्ममध्ये किंवा प्लिकर्समध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची रांगोळी उमटते. मग शिक्षक प्रश्नाचा फोटो काढून चिकटवतात. फोटोतील मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक प्रणालीला तो वाचताही येत नाही.

यावर मोफत उपाय आहेत. छापील प्रश्नपत्रिकेचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हमध्ये चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला वाचता येणाऱ्या खऱ्या अक्षरांत, मिळतो. टेसरॅक्ट ही मुक्त प्रणालीही मराठी अक्षरे ओळखते आणि नेटशिवाय चालते. गणिती चिन्हे आणि अपूर्णांक मात्र हाताने तपासावेत, कारण मजकूर ओळखताना ‘३’ आणि ‘उ’ यांची अदलाबदल होऊ शकते. पुढचे सारे टंकलेखन इनस्क्रिप्ट कळपाटावर करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. शिकायला दोन आठवडे लागतात. नंतर तोच कळपाट फोनवर, विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच असतो. ‘दुसऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील दोन निराळे ‘र’ त्यावर कसलीही कसरत न करता उमटतात.

प्राथमिक शिक्षकांसाठी आणखी एक बारकावा. अनेक देवनागरी फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची असतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरवळणे ठरवून दिली. पहिलीतील मूल फळ्यावर एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसराच ‘ल’ पाहते, तेव्हा त्याचा गोंधळ होणे साहजिक आहे. वाचनपट्ट्या करण्याआधी निवडलेल्या फाँटमधील ही दोन अक्षरे फळ्यावरच्या वळणाशी ताडून पाहावीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत आणि छापील पट्ट्यांवर फार सुवाच्य दिसतात.

दूरदेशी

मी अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची अडचण आपल्या उलट आहे. प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र आहे, नेट आहे, पण आठवड्यातून दीडच तास मराठी आहे, आणि एकाच वर्गात घरी मराठी बोलणारे मूल आणि ‘आजी’ एवढाच शब्द येणारे मूल शेजारी बसते. बालभारतीच्या पुस्तकांच्या मोफत पीडीएफ आम्हाला फार उपयोगी पडतात, परंतु दुसरीच्या पुस्तकातील ‘खळे’ किंवा ‘मोट’ समजावताना माझा निम्मा तास जातो. त्यापेक्षा बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक वाचायला मोठी मुले अधिक उत्सुक असतात. १९७१ पासूनचे हे मासिक आता जालावर मोफत वाचता येते, आणि त्यातील कोडी आणि चित्रे पाहताना मुलांचे आईवडीलही मागे येऊन उभे राहतात.

सातपुडा_पायथा यांचा पावरी प्रयोग वाचून मला आमच्या वर्गासाठी वाट सापडली. मी आतापर्यंत मुलांना मराठी कथा वाचायला देत होते. आता इंग्रजी चित्रकथेचे मराठीकरण त्यांच्याकडूनच करवून घेईन, आणि खोडून काढण्यासाठी भारतातील आज्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावीन.

पानगळ

चर्चा उत्तम चालली आहे. शीर्षकातील ‘मोफत’ या शब्दाविषयी थोडे लिहितो. इंग्रजीत एकाच शब्दात मिसळून जाणारे दोन अर्थ आपल्याकडे वेगळे आहेत : फुकट आणि मुक्त. स्टोरीवीव्हरची कथा मुक्त आहे. ती उतरवली, बदलली, छापली की आपली झाली, उद्या संकेतस्थळ राहो वा न राहो. प्लिकर्स फुकट आहे. मालकाने उद्या अटी बदलल्या तर आपल्याला त्या पाळाव्या लागतील. जिओजेब्रा विनाव्यावसायिक वापरासाठी फुकट आहे, आणि २०२१ मध्ये त्याची मालकी बायजूज या भारतीय कंपनीकडे गेली. फुकट साधने वापरू नयेत असे मी म्हणत नाही, पण आपला माल फक्त त्यांच्याच गोदामात ठेवू नये. एडमोडो हा शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेला मंच २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाला. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. फ्लॅश हे तंत्रज्ञान २०२० संपताना निवृत्त झाले, तेव्हा त्यावर बेतलेले असंख्य शैक्षणिक प्रयोग एका रात्रीत निरुपयोगी ठरले. फेटचे प्रयोग टिकले, कारण त्यांनी ते काही वर्षे आधीपासून नव्या तंत्रात लिहून काढायला घेतले होते. म्हणून प्रश्न, पर्याय आणि उत्तरे एका साध्या तक्त्यात, आपल्या संगणकावर आणि पेनड्राइव्हवर ठेवावीत, आणि साधनात ती तिथून चिकटवावीत.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या माहितीची. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे. प्लिकर्समध्ये पूर्ण नावाऐवजी हजेरीपटातील क्रमांक घातला तरी साधन तितकेच चालते. जन्मतारीख, आधार क्रमांक, छायाचित्र यांची त्याला काहीच गरज नसते. ज्या साधनात विद्यार्थ्याला लॉगिनच करावे लागत नाही ते साधन माझ्या मते त्याच कारणाने एक पायरी वरचे आहे. उजळणीताईंच्या दोन प्रश्नांत मी हा तिसरा घालीन : मुलाविषयी ते काय काय विचारते?

उजळणी

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. मध्ये घटक चाचण्या होत्या.

पानगळ यांची सूचना मान्य आहे. कार्डांना मी क्रमांकच दिले होते, पण प्रश्न फक्त खात्यातच होते. आता ते तक्त्यात उतरवले आहेत, आणि अक्षरवेल यांच्या सांगण्यावरून जुन्या प्रश्नपत्रिकांतील चाळीसेक प्रश्न युनिकोडमध्येही आणले. ‘३’ आणि ‘उ’ यांची अदलाबदल खरोखरच तीन ठिकाणी सापडली.

काळी_पाटी सर, आपल्यासाठी मुख्य वृत्तांत. नवा प्रश्न असा केला : ‘०.४, ०.४५ आणि ०.३९९ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ यात बरोबर उत्तर मधल्या लांबीचे आहे. लांब संख्या मोठी मानणारे ०.३९९ कडे जातील आणि आखूड संख्या मोठी मानणारे ०.४ कडे, असा हिशेब केला. कार्डे वर झाली. मागच्या वेळी ज्यांच्या नावापुढे बरोबरची खूण होती त्यांतली काही मुले या वेळी ०.४ वर गेली, आणि त्यांत माझ्या पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगीही होती.

मग मी खालच्या वर्गातून पाट्या मागवल्या. नववीच्या मुलांना पाटी हातात घ्यायला आधी लाज वाटली, नंतर त्यांनी त्यावर फुले काढायला सुरुवात केली. ०.४ निवडलेल्या सर्वांना मी कारण लिहायला सांगितले. त्या मुलीने लिहिले होते : ‘दशांशाचे तुकडे मोठे असतात, शतांशाचे बारीक. म्हणून ०.४ मोठा.’ पहिले वाक्य पूर्णपणे बरोबर आहे, आणि ते तिला मीच सहावीत शिकवले होते.

तिच्या पाटीवर मी ०.४ च्या पुढे एक शून्य काढले आणि आता किती तुकडे झाले असे विचारले. तिने बराच वेळ पाटीकडे पाहिले, खालच्या कोपऱ्यात ‘चाळीस बारीक’ असे लिहिले, आणि शेजारच्या मुलीचे कार्ड सरळ करायला हात पुढे केला.